हिंगण्याची वाट

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी मला शाल, श्रीफळ आणि चालण्याचे बूट दिले. शाल कपाटात गेली, श्रीफळाची चटणी झाली आणि बूट खोक्यातच राहिले. आयुष्यभर मी खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब ठेवला. चालणं म्हणजे केबिनपासून स्ट्राँगरूमपर्यंत. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, त्याही बसूनच. त्यामुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा मी ते निमूट ऐकलं आणि घरी येऊन आरामखुर्चीत बसलो.

ते बूट अखेर खोक्याबाहेर आले ते एका कुत्र्यामुळे. नातीने सोसायटीच्या पार्किंगमधून एक गावठी पिल्लू उचलून आणलं, त्याचं नाव खंड्या ठेवलं आणि सहा महिन्यांनी आई-वडिलांबरोबर बंगळुरूला निघून गेली. खंड्या आमच्याकडे राहिला. त्याला डॉक्टरचा सल्ला लागत नाही. पहाटे साडेपाचला तो पलंगाशी येऊन उभा राहतो आणि मग उठण्यावाचून गत्यंतर नसतं. चालताना तो प्रत्येक खांब, प्रत्येक झाड अशा बारकाईने तपासतो की मला आमच्या शाखेत येणाऱ्या ऑडिटरची आठवण होते. काही तरी सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही!

आम्ही एरंडवण्यात राहतो. पुणेकराला चालायचं म्हटलं की टेकडी आठवते. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. माझे बरेचसे समवयस्क टेकडीवालेच आहेत आणि सपाटीवर चालणाऱ्याकडे ते जरा दयेनेच पाहतात. मी मात्र गुडघ्यांना मान देऊन कर्वे रस्ता धरतो. पहाटे तो रस्ता चालण्याजोगा असतो. नळस्टॉपचा दुमजली पूल आणि मेट्रोचे खांब मागे टाकले, पौड फाट्याला मेट्रो उजवीकडे वळून वनाजकडे गेली, की डोक्यावर पुन्हा आभाळ येतं. दशभुजा गणपती, मृत्युंजयेश्वर आणि मग कर्व्यांचा पुतळा. तिथून पुढे उतरलं की कर्वेनगर, म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक.

वर्षभर हा रस्ता चालल्यावर एके दिवशी माझ्या ध्यानात आलं की ज्याचं नाव या रस्त्याला आहे तो माणूस ही वाट खरोखरच चालत होता, आणि तीही प्रकृतीसाठी नव्हे. शाळेत असताना महर्षी कर्व्यांवर निबंध लिहिला होता, विधवा, आश्रम, भारतरत्न असा पाठ करून. पण त्या सगळ्या कार्याच्या खाली दोन पाय होते, हे त्या निबंधात कुठे आलं नव्हतं. मग जुनी पुस्तकं काढली. अण्णांचं आत्मवृत्त पुन्हा वाचलं. ते १९१५ साली प्रसिद्ध झालं, म्हणजे त्यांच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. आणि हा गृहस्थ त्यानंतर आणखी सत्तेचाळीस वर्षं जगला.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घर कोकणात मुरुडला, दापोली तालुक्यात. परिस्थिती बेताची. त्या काळी मराठी सहावीची सरकारी परीक्षा पास झाली की नोकरीचा दरवाजा उघडायचा. १८७५ साली धोंडू आणि त्याचे काही सोबती या परीक्षेला बसायला निघाले. मुंबईला जायचं तर समुद्रमार्गे, आणि हवा अशी की गलबतं सुटेनात. दुसरं केंद्र साताऱ्याला. परीक्षेला दिवस थोडे उरलेले. तेव्हा या पोरांनी पायी जायचं ठरवलं. मुरुड ते सातारा शंभरावर मैल, पावसाचे दिवस, वाटेत कुंभार्लीचा घाट. आज मोटारीने कुंभार्ली चढताना आपण काचा वर घेतो. ही मुलं तो घाट भिजत, घसरत चढली आणि वेळेत साताऱ्याला पोहोचली.

पुढची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. परीक्षेला सतरा वर्षं पुरी हवी होती आणि धोंडूची ती झालेली होती. पण अंगाने किरकोळ, उंची कमी. समितीने त्याच्याकडे पाहिलं आणि वय कमी दिसतं म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. शंभर मैल चालून आलेला मुलगा दारातून परत. पुढच्या वर्षी तो कोल्हापूर केंद्रातून पास झाला, पण मला राहून राहून त्या परतीच्या वाटेचं कुतूहल वाटतं. जाताना परीक्षेची ओढ तरी होती. येताना तोच घाट, तोच चिखल आणि हातात काही नाही. मी आयुष्यात कर्जाचे पुष्कळ अर्ज नामंजूर केले. नियमात बसत नाही एवढं सांगून माणूस परत पाठवला आणि पुढचा कागद ओढला. तो माणूस किती लांबून आला होता, हे विचारल्याचं मला आठवत नाही.

मुंबईत अण्णा मॅट्रिक झाले, १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले. मग शाळांतून शिकवणं, वर खाजगी शिकवण्या, आणि या ठिकाणाहून त्या ठिकाणी पायपीट. १८९१ साली त्यांची पहिली पत्नी राधाबाई वारली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. टिळकांनी राजीनामा दिल्यामुळे तिथे गणिताची जागा रिकामी झाली होती. (पुणेकरांना हा तपशील आवडतो म्हणून मुद्दाम सांगितला.)

दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. गोदूबाई ही त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण. बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झालं. गोदूबाईंची आनंदीबाई झाली. पुढे सगळे त्यांना बाया म्हणत. मुरुडला ही बातमी पोहोचली तेव्हा गावाने कर्व्यांवर बहिष्कार घातला. स्वतःच्या आईच्या घरात सरळ जाऊन जेवायला बसता येईना, ही शिक्षा कोकणातल्या माणसाला काय असते ते कोकणातल्या माणसालाच कळेल.

१८९६ साली अण्णांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. शिल्लक असलेले हजार रुपये त्यात घातले. पुढे आयुर्विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे केली. बँकवाला म्हणून सांगतो, असा ग्राहक समोर बसला असता तर मी त्याला दोनदा विचार करायला सांगितलं असतं. घरात बायको, मुलं, आणि नोकरी अशी की पगार ठरावीक, वाढायची आशा कमी.

पुण्यात प्लेग वारंवार येत होता. गावाबाहेर जागा हवी होती. रावबहादुर गणेश गोविंद गोखल्यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० साली आश्रम तिथे गेला. आश्रम म्हणजे काय, तर एक झोपडी. भोवती शेतं आणि माळ. शहरापासून चार मैल.

इथून ती वाट सुरू होते. कॉलेजचे तास संपले की अण्णा हिंगण्याला निघायचे. आश्रमातल्या बायकांना लागणारं सामान बरोबर. तिथे पोहोचायचं, मुलींना शिकवायचं, रात्री तिथेच राहायचं आणि सकाळी उठून परत कॉलेजात गणित शिकवायला. पावसाळ्यात रस्ता म्हणजे चिखल. दिवे कुठले! जायचे चार मैल, यायचे चार. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी चोवीसशे मैल होतात. मी कागदावर हा हिशेब मांडला आणि मग नकाशा उघडला. पुण्याहून कन्याकुमारीला जाऊन परत आलं तरी त्यातून मैल शिल्लक राहतात.

हे मी मोठ्या कौतुकाने सौभाग्यवतींना वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की ते रोज रात्री हिंगण्याला असताना बाया कुठे होत्या?

मला सांगता येईना. मग त्यांनीच उठून कपाटातून बायांचं पुस्तक आणून दिलं. ‘माझे पुराण’ या नावाने बायांनी आपली कहाणी सांगितली आहे. आमच्या घरात ते कित्येक वर्षं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं होतं आणि मी एकदाही नाही.

गोष्ट अशी होती. आश्रम विधवांच्या शिक्षणासाठी होता. पुनर्विवाहाचं नाव जरी तिथे निघालं असतं तरी लोकांनी आपल्या मुली पाठवल्या नसत्या आणि वर्गणीही दिली नसती. म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाहाची चळवळ ही दोन कामं कटाक्षाने वेगळी ठेवली. यात व्यवहार होता आणि तो बरोबरही ठरला. पण बाया स्वतः पुनर्विवाहिता. त्यामुळे नवऱ्याच्या आश्रमात त्यांनाच सुरुवातीला जागा नव्हती. अण्णा ती वाट चालत होते याचं एक कारण हेही होतं, की त्यांचं घर आणि त्यांचं काम एका जागी नांदू शकत नव्हतं. वाटेच्या एका टोकाला आश्रमातल्या बायका, दुसऱ्या टोकाला बाया. मुलं लहान, आजारपणं चाललेली, पैसे अपुरे, विम्याची पॉलिसीसुद्धा हातची गेलेली. सुईणीचं आणि शुश्रूषेचं शिक्षण बायांनी घेतलेलं होतं. तेव्हा त्या काही कुणाच्या तोंडाकडे बघत बसणाऱ्या नव्हत्या. तरी संसार त्यांनी ओढला. पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करायलाही त्याच हिंडल्या. ज्या संस्थेने प्रथम दूर ठेवलं तिच्याच झोळीसाठी.

मी हे सौभाग्यवतींच्या देखत वाचत होतो, हे त्रासदायक होतं. माझ्या नोकरीत नऊ बदल्या झाल्या. त्यातल्या पाच बदल्यांना मी एकटा गेलो. मुलांच्या शाळा, आईचं दुखणं, घराचे हप्ते, गॅसचा नंबर, सगळं इकडे. मी महिन्यातून दोनदा यायचो आणि माझं कौतुक व्हायचं. शिवाय मी काही आश्रम उभारत नव्हतो. ठेवींचं टार्गेट पुरं करत होतो.

अण्णांचं मोठेपण यामुळे मला कमी वाटू लागलं का? नाही. पण त्या चार मैलांचा हिशेब मी चुकीचा मांडला होता एवढं खरं. चालणं फुकट आहे असं आपण म्हणतो. तिकीट नाही, पेट्रोल नाही, वर्गणी नाही. माझ्यासारख्या पेन्शनराच्या बाबतीत ते आहेही फुकट, कारण माझ्या एका तासाची आता कुणाला गरज नाही. अण्णांचे ते तास मात्र कुणाच्या तरी खात्यातून वजा होत होते.

हिंगण्याशी आमच्या घराचा संबंध जुना आहे. माझ्या वडिलांची एक आत्या तिथे शिकली. अकराव्या वर्षी विधवा झाली आणि तिच्या भावाने तिला कोकणातून आणून आश्रमात घातलं. पुढे ती शाळेत मास्तरीण झाली, स्वतःच्या कमाईवर जगली. मी लहान असताना ती आमच्याकडे यायची, नारायण पेठेतून पायी. पीएमटीचे पैसे वाचवते म्हणून आम्ही मुलं हसायचो. खरं म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. आश्रमात येईपर्यंत आपण एकटी कधी रस्त्याने चाललो नव्हतो, असं तिने माझ्या आईला सांगितलेलं. घरातून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून घरापर्यंत, तेही खाली मान घालून. हिंगण्याला आल्यावर तिला प्रथम कळलं की सरळ समोर बघत चालता येतं. मग तिने ते शेवटपर्यंत सोडलं नाही. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी आणि चाल अशी की आम्हाला धावावं लागे.

१९८४ साली मी बँकेत नवा असताना तिने मला एकदा म्हटलं होतं की एखाद्या रविवारी हिंगण्याला चालत जाऊ. मी हो म्हटलं. रविवार पुष्कळ आले. त्यातला एकही मी तिला दिला नाही. दोन वर्षांनी ती गेली.

असो. अण्णांची गोष्ट राहिलीच. १९०७ साली महिला विद्यालय निघालं. १९१४ साली अण्णा फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. तिने डोक्यात घर केलं आणि १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर भारतीय महिला विद्यापीठ सुरू झालं. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव त्याला लागलं. तेच आपलं एसएनडीटी. त्याचं आवार आज याच कर्वे रस्त्यावर आहे आणि खंड्याला त्याच्या कुंपणाबाबत विशेष आस्था आहे.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, अण्णा जगाच्या प्रवासाला निघाले. इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले. परत येतात न येतात तो आफ्रिकेला गेले. सगळीकडे काम एकच, विद्यापीठाची माहिती सांगायची आणि मदत मिळवायची. सत्तरी ओलांडलेला माणूस बोटीवरून जग हिंडून आल्यावर थांबेल, असं कुणालाही वाटलं असतं.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भावतो तो यानंतरचा भाग, जो शाळेच्या निबंधात कधी नसतो. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. जिथे सरकारी शाळा पोहोचली नव्हती अशा गावांत शाळा काढायच्या. त्यासाठी पैसे कुठून आणायचे? तर अण्णा पुण्याच्या पेठांतून दारोदार हिंडू लागले. थोडी थोडी वर्गणी, आणा-दोन आणे असतील, नोंद करायची आणि पुढच्या दारी. विद्यापीठाचा संस्थापक, जगप्रवास केलेला, आणि वाड्यांचे जिने चढतोय. कर्जवसुलीसाठी मीही जिने चढलो आहे. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला माहीत आहे. मी पगारी होतो म्हणून निभावलं.

बाया १९५० च्या नोव्हेंबरात गेल्या. संततिनियमनाचा प्रचार करणारा मोठा मुलगा रघुनाथ १९५३ साली गेला. अण्णा होतेच. १९५५ साली पद्मविभूषण, १९५८ साली शंभरी आणि भारतरत्न. त्या वर्षी सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात ते वारले, एकशे चार वर्षांचे होऊन. परीक्षेसाठी वय कमी दिसतं म्हणून साताऱ्याने परत पाठवलेला हा मुलगा!

गेल्या माघात एका रविवारी आम्ही दोघं हिंगण्याला चालत गेलो. म्हणजे तिघं, खंड्या धरून. सौभाग्यवतींना रोज चालायला जमत नाही, सकाळी त्यांची पूजा असते. पण त्या दिवशी त्यांनीच विषय काढला. फर्ग्युसनच्या दारापासून सुरुवात करायची असं ठरलं, नाही तर ती अण्णांची वाट कशी होणार? डेक्कनला उजाडलं. नळस्टॉपला चहा झाला. पुतळ्यापाशी त्या जरा बसल्या. तिथल्या रहदारीत मी त्यांना शंभर वर्षांपूर्वीचा माळ दाखवू लागलो, तेव्हा समोरचा सिग्नल नीट बघा असं मला सांगण्यात आलं.

संस्थेचं आवार आता मोठं आहे. शाळा, वसतिगृहं, १९९१ साली निघालेलं मुलींचं इंजिनीयरिंग कॉलेज. रविवार असूनही मुलींचे घोळके येत-जात होते, कुणी हसत, कुणी फोनवर, सगळ्या समोर बघत. ती पहिली झोपडी त्या आवारात अजून जपून ठेवली आहे. पहारेकऱ्याने आम्हाला नमस्कार केला आणि कुत्रा आत न्यायचा नाही असं सांगितलं. बरोबरच होतं. मी म्हटलं, आपण आळीपाळीने जाऊ, तुम्ही आधी जा.

त्या आत गेल्या. मी रस्त्याकडेला एका कट्ट्यावर बसलो. खंड्या थोडा वेळ फाटकाकडे बघत राहिला, मग माझ्या बुटांवर हनुवटी टेकून झोपला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ऊन वर आलं. त्या एका मुलीशी बोलत उभ्या असलेल्या मला कुंपणातून दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या. हाक मारावी असं दोनदा मनात आलं, पण मारली नाही. पाऊण तासाने त्या बाहेर आल्या. माझ्या हातातली साखळी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि आता तुम्ही जाऊन या, आम्ही बसतो इथे, असं म्हणाल्या.